पिन काढली म्हणजे करंट गेला असे नव्हे
मायक्रोवेव्ह ओव्हन घरी उघडणाऱ्यांसाठी आणि दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यांसाठी काही जरुरी गोष्टी

सावर्डे हे चिपळूण तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील माणसे खरेदीसाठी, शाळा-कॉलेजसाठी आणि गाडी पकडण्यासाठी येथेच येतात. कोकणातील इतर भागांप्रमाणे येथील मुस्लिम मोहल्ल्यांतूनही अनेक तरुण आखाती देशांत कमाईला गेले. सुट्टीवर येताना त्यांनी प्रथम टेपरेकॉर्डर आणला, मग मिक्सर आणला आणि पुढे मायक्रोवेव्ह ओव्हनही आणला. आता ही वस्तू गावातल्या दुकानातही हप्त्यावर मिळते. रमजानमध्ये सहेरीच्या वेळी दोन मिनिटांत सालन गरम होते, त्यामुळे घरातल्या बायकांनाही ती हवीशी वाटते.

वस्तू घरात आली की कधीतरी तिचा बिघाडही येतोच. मग घरातला एखादा हुशार मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो, नाहीतर ओव्हन पंखे, मिक्सर आणि इस्त्री दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडे जातो. मुलाची हुशारी खरी आणि कारागिराचा अनुभवही खरा. पण पंखा, मिक्सर व इस्त्री यांच्याबाबत जो नियम आपण सर्वांनी लहानपणापासून पाठ केला आहे, तो या एका यंत्राला लागू पडत नाही. तो नियम म्हणजे, पिन काढली की भीती नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये पिन काढल्यावरही जीव घेण्याइतका करंट शिल्लक असू शकतो. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच आहे.

आमच्याच घरची गोष्ट

एका रमजानमध्ये इफ्तारच्या थोडे आधी आमच्या घरचा ओव्हन चालू असतानाच बंद पडला. कोणीतरी घाईत दार उघडले, आतून 'फट्' असा आवाज आला आणि दिवा, पंखा, घड्याळ सर्व थांबले. आमचा पुतण्या कॉलेजात शिकतो. त्याने लगेच पिन काढली, ओव्हन टेबलावर घेतला आणि मागचे स्क्रू काढायला सुरुवात केली. आम्ही हटकले तेव्हा म्हणाला, "चाचा, पिन तर काढली आहे. फ्यूज गेला असेल, पाच मिनिटांत बसवतो."

खरे सांगायचे तर आम्हालाही त्यावेळी त्याचे म्हणणे पटले होते. पण इफ्तारची वेळ जवळ आली होती, म्हणून आम्ही ते काम उद्यावर ढकलले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हन बाजारातल्या एका ओळखीच्या कारागिराकडे नेला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कव्हर कुणी उघडले होते का?" मग कव्हर काढून त्याने आम्हाला दोन हात मागे सरकायला सांगितले. जाड प्लास्टिकच्या मुठीचे एक अवजार त्याने आतल्या एका डब्याच्या दोन टोकांना टेकवले. कडक आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. पिन काढून रात्र उलटली होती, तरीही!

कारागीर म्हणाला, "हा कपॅसिटर. याच्या आत करंट हळूहळू उतरवणारा रोधक असतो, तो याचा खलास झाला आहे. मुलगा फ्यूज काढायला गेला असता, तर हात याच बाजूने गेला असता." पुतण्या शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. आम्हीही काही बोललो नाही. घरी परतताना अल्लाहचे शुक्र मानले, आणि हा विषय आपल्या व्यापार-उद्योग पानावर मांडायचा असे ठरवले.

आत काय असते

मायक्रोवेव्ह ओव्हनचा जन्म युद्धकाळातल्या रडारमधून झाला. रडारला लागणाऱ्या लहरी निर्माण करणाऱ्या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये या नळीने अन्न शिजवण्याची युक्ती काढली आणि १९४७ मध्ये पहिला ओव्हन विक्रीला आला. तो माणसाच्या उंचीचा आणि ३०० किलोहून अधिक वजनाचा होता. आजचा ओव्हन कपाटावर मावतो, पण आतले काम तेच आहे.

घरातली वीज २३० व्होल्टची असते. मॅग्नेट्रॉनला तेवढ्याने भागत नाही. म्हणून आत चार-पाच किलो वजनाचा एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तो २३० व्होल्टचे सुमारे २,००० व्होल्ट करतो. त्यापुढे एक कपॅसिटर आणि एक डायोड मिळून तो दाब आणखी चढवतात व मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्ट मिळतात. जुने कारागीर कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात. पंख्यातही कंडेन्सर असतो, म्हणून अनेकांना तो ओळखीचा वाटतो. पण पंख्याचा कंडेन्सर आणि हा यांची बरोबरी करणे म्हणजे परसातल्या पऱ्ह्याची आणि पावसाळ्यातल्या वाशिष्ठीची बरोबरी करण्यासारखे आहे.

हा कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. ती उतरावी म्हणून बहुतेक कपॅसिटरच्या आत एक रोधक बसवलेला असतो. तो चांगला असेल तर एखाद्या मिनिटात कपॅसिटर रिकामा होतो. तो तुटला असेल तर बाहेरून काहीही दिसत नाही आणि वीज आत तशीच राहते. म्हणून "पाच मिनिटे थांबलो, आता हात घालायला हरकत नाही" हा हिशेबही भरवशाचा नाही.

काही नव्या ओव्हनमध्ये जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इन्व्हर्टरचे सर्किट असते. ते हलके असते म्हणून कमी धोक्याचे असेल असे कोणी समजू नये. त्याच्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी नुसती थंड करण्यासाठी लावलेली दिसते, पण काही मॉडेलमध्ये चालू असताना तिच्यावरही उच्च दाबाची वीज असते.

ज्या गोष्टींवर आपण भरवसा ठेवतो

पहिली गोष्ट टेस्टर. खिशातला टेस्टर २३० व्होल्टच्या घरगुती विजेसाठी बनवलेला असतो. हजारो व्होल्टच्या ठिकाणी तो लावला तर तोच मधला पूल होऊन वीज हातापर्यंत आणू शकतो. साध्या मल्टिमीटरचेही तसेच आहे. ६०० किंवा १,००० व्होल्टपर्यंतचा मीटर ४,००० व्होल्टला टेकवला तर मीटर फुटतो, आणि मीटर ज्याच्या हातात आहे त्याचे काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट आरसीसीबी, म्हणजे ज्याला अनेक वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात ते. नव्या घरांत हे स्विच बसवतात आणि ते बसवलेच पाहिजेत. पण ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूला शॉक लागला तर तो स्विच पडत नाही. त्या बाजूची वीज ट्रान्सफॉर्मरमधून निघते आणि ओव्हनच्या पत्र्यातून परत ट्रान्सफॉर्मरकडेच जाते. बोर्डातल्या स्विचला त्यात काही वावगे दिसत नाही. काही दशांश मिलिअँपिअर करंट माणसाला जाणवतो आणि काही दशक मिलिअँपिअर हृदय थांबवू शकतो. हा ट्रान्सफॉर्मर शेकडो मिलिअँपिअर देऊ शकतो.

तिसरी गोष्ट फ्यूज. आपल्याकडे फ्यूज उडाला की तांब्याची तार बांधण्याची जुनी सवय आहे. मायक्रोवेव्हमध्ये ही सवय फार महाग पडते. या ओव्हनच्या दाराला साधारण तीन छोटे स्विच असतात. दार उघडताच त्यांतले दोन वीज तोडतात. तिसरा पहारेकरी आहे. पहिल्यांतला एखादा चिकटून बसला आणि दार उघडूनही वीज चालू राहिली, तर हा तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. आमच्या ओव्हनचेही तसेच झाले होते. शंभर रुपयांच्या आतला एक स्विच जळून चिकटला होता. म्हणजे फ्यूज उडाला तो बिघाड नव्हता, तो इशारा होता. तेथे तार बांधली किंवा तिसरा स्विच काढून टाकला, तर दार उघडे असतानाही ओव्हन चालू राहण्याची वेळ येऊ शकते. समोर उभी असलेली माणसे बहुधा आपली आई, बहीण, बायको यांपैकीच असतात.

लहरींबद्दल थोडे

मायक्रोवेव्हच्या लहरी म्हणजे अणुभट्टीतला किरणोत्सर्ग, असा समज काही लोकांत आहे. तो चुकीचा आहे. वीज बंद झाली की त्याच क्षणी लहरी बंद होतात, अन्नात काही उरत नाही. पण ओव्हन चालू असताना लहरी बाहेर आल्या तर त्या अन्नाप्रमाणे माणसाचे मांसही तापवतात. डोळ्याच्या भिंगाला रक्ताचा पुरवठा नसतो, त्यामुळे तेथली उष्णता लवकर वाहून जात नाही आणि मोतीबिंदूचा धोका राहतो. म्हणून कव्हर काढून ओव्हन चालू करून पाहणे, वाकडे दार दोरीने बांधून वापरणे, जाळीला भोक पडलेला ओव्हन "चालतोय ना" म्हणून चालवणे, या तिन्ही गोष्टी बंद झाल्या पाहिजेत.

नव्या ओव्हनसाठी मर्यादा ठरलेली आहे. ओव्हनपासून ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती चालत नाही. आपल्या देशात २०१२ च्या आदेशानुसार मायक्रोवेव्ह ओव्हन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आले. विक्रेत्यांनी माल घेताना ही नोंदणी पाहून घ्यावी. दाराचे काम करणाऱ्या कारागिराने गळती मोजण्याचा मीटर बाळगावा. मोबाईल आत ठेवून रिंग वाजते का पाहण्याच्या युक्तीवर विसंबू नये.

घरच्या माणसाने काय करावे

कव्हरचे स्क्रू न काढता करण्याजोगी कामे बरीच आहेत, आणि निम्म्या तक्रारी त्यांतच मिटतात.

ओव्हन अजिबात चालू होत नसेल तर प्रथम सॉकेट तपासा. त्याच सॉकेटवर इस्त्री लावून पाहा. ग्रिल किंवा कन्व्हेक्शनचा ओव्हन २,००० वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट हवे. कन्व्हर्टर पिन लावून तो ६ अँपिअरच्या बोर्डावर चालवला की पिन तापते, काळी पडते आणि दोष मात्र ओव्हनला दिला जातो.

आत ठिणग्या उडत असतील तर उजव्या भिंतीवरचा अभ्रकाचा, म्हणजे मायकाचा, पातळ तक्ता पाहा. त्यावर तेल-मसाल्याचा थर बसला की तो जळतो. पिन काढून तो ओल्या फडक्याने पुसावा, आणि भोक पडले असेल तर त्याच मापाचा नवा कापून बसवावा. हे काम आतल्या पोकळीतले आहे, त्याला कव्हर उघडावे लागत नाही. सोनेरी किंवा चंदेरी काठाच्या कपबशा आणि स्टीलची वाटी आत ठेवली तरीही ठिणग्या उडतात.

थाळी फिरत नसेल तर तिच्या खालचे चाक आणि मधला प्लास्टिकचा तुकडा नीट बसला आहे का पाहा. दाराच्या कडा स्वच्छ ठेवा. ओव्हन रिकामा चालवू नका. मागची हवेची भोके भिंतीला चिकटवू नका. आपल्याकडे त्या भोकांतून पाली आणि मुंग्या आत जातात, पाल सर्किटवर गेली की सर्किट आणि पाल दोन्ही जातात. फार दिवस वापर नसेल तर पिन काढून ओव्हन झाकून ठेवावा. वापरण्यापूर्वी झाकण काढायला विसरू नये.

याच्यापुढचे कोणतेही काम असेल, मग ते फ्यूजचे असो की आतल्या दिव्याचे, तर ओव्हन कारागिराकडे न्यावा.

अर्थिंगची बाबही येथेच सांगतो. पुष्कळ घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. कोकणात जांभ्या दगडाची जमीन आहे. पावसाळ्यात तिच्यात चांगले अर्थिंग मिळते, पण एप्रिल-मे महिन्यांत ती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतावे, आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे.

आखातातून आलेला ओव्हन

कारागिरांपुढे येणारा हा एक खास कोकणी प्रश्न आहे. संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार आणि ओमान येथील वीज आपल्याप्रमाणे ५० हर्ट्झची आणि आपल्याशी जुळणाऱ्या दाबाची आहे. सौदी अरेबियाची वीज मात्र ६० हर्ट्झची आहे आणि बरीच वर्षे तेथील घरांत १२७ व्होल्टही होते. तेथला १२७ व्होल्टचा ओव्हन येथे सरळ लावला तर जळतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावूनही काम पुरे होत नाही, कारण हर्ट्झ बदलत नाहीत. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त करंट खातो आणि तापतो. अशा ओव्हनचे घड्याळ विजेच्या हर्ट्झवर चालणारे असेल तर ते तासाला १० मिनिटे मागे पडते. ही खूण दिसली की मागची पट्टी वाचावी. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिले असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की या वस्तूवर खर्च करू नका. भेटवस्तू भावाने प्रेमाने आणलेली असते, मन मोडते हे खरे, पण घराला आग लागण्यापेक्षा ते बरे.

पुरातला ओव्हन

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहर बुडाले. घरे, दुकाने, गोदामे चिखलाने भरली. अशा पुरानंतर विजेच्या वस्तू उन्हात वाळवून पुन्हा चालू करण्याकडे लोकांचा कल असतो, आणि नुकसान झालेल्या माणसाची ती मजबुरीही असते. मायक्रोवेव्हच्या बाबतीत आमचा सल्ला सरळ आहे. पाणी ट्रान्सफॉर्मरच्या वर गेले असेल तर तो ओव्हन चालू करू नये. चिखलातले क्षार वेटोळ्यांत आणि सर्किटवर बसतात. बाहेरून कोरडी दिसणारी वस्तू आतून ओल धरते आणि हजारो व्होल्ट त्या ओलीतून वाट काढतात.

व्यापारी बंधूंना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुरातला माल पुसून, पॅक करून दुसऱ्या गावी स्वस्तात विकला जाऊ शकतो. मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगून विकणे हा आपल्या तिजारतीचा पाया आहे. विजेच्या वस्तूचा ऐब लपवला तर त्यात गिऱ्हाइकाचे पैसेच नव्हे, जीवही जाऊ शकतो.

दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यांसाठी

आमच्या कारागिराने आणि या कामातील इतर जाणत्यांनी जी शिस्त सांगितली ती येथे देतो. ही यादी वाचून कोणी कारागीर होणार नाही. ही शिस्त जाणत्या उस्तादाच्या हाताखाली, त्याच्या नजरेसमोर शिकायची आहे.

पिन काढून ती स्वतःच्या नजरेसमोर टेबलावर ठेवावी, म्हणजे दुसरे कोणी लावणार नाही. दुकानात एकट्याने हे काम करू नये. हातातली अंगठी आणि घड्याळ उतरवावे, पायाखाली कोरडा रबरी पट्टा असावा, पावसाळ्यात हात-पाय कोरडे असावेत. कव्हर निघाल्यावर सर्वांत पहिले काम कपॅसिटर उतरवण्याचे. उच्च दाबासाठी बनवलेल्या मुठीच्या अवजाराने, जमल्यास रोधक लावलेल्या तारेने प्रथम उतरवावा. मग दोन टोके एकमेकांशी आणि प्रत्येक टोक पत्र्याशी जोडून खात्री करावी. मधे एकदा वीज चालू केली असेल तर हे सर्व पुन्हा पहिल्यापासून. उतरवताना मोठी ठिणगी उडाली, तर तो कपॅसिटर बदलावा, कारण त्याचा आतला रोधक गेला आहे.

वीज चालू असताना उच्च दाबाची कोणतीही मोजणी करू नये. मॅग्नेट्रॉन, डायोड, ट्रान्सफॉर्मर यांची तपासणी वीज बंद ठेवून ओहममध्ये करता येते. ओव्हन खरोखर बरा झाला का हे कव्हर बसवल्यावर पाण्याने पाहावे. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घेऊन त्याचे तापमान मोजावे, पूर्ण शक्तीवर ६० सेकंद चालवावे, पाणी ढवळून पुन्हा मोजावे. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणले की ओव्हनची शक्ती वॅटमध्ये मिळते. १० अंश वाढले तर ७०० वॅट. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर करून दाखवला तर त्याचा विश्वास बसतो.

दाराचा फ्यूज उडाला असेल तर तिन्ही स्विच तपासल्याशिवाय नवा फ्यूज बसवू नये. स्विच मूळ जातीचेच बसवावेत आणि जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.

सुट्या भागांची आणि माहितीची अडचण आम्हाला ठाऊक आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती लोकांना मिळावी हा त्याचा हेतू आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व वायरमनप्रमाणे घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या मेकॅनिकचाही अभ्यासक्रम आहे. ज्यांची मुले दहावीनंतर काय करावे या विचारात आहेत, त्यांनी या हुन्नराचा विचार जरूर करावा.

भंगार आणि लाकूडकाम

भंगाराच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. मायक्रोवेव्ह हा त्यांच्याकडे येणारा नवा माल आहे. भंगारात आलेल्या ओव्हनमधला कपॅसिटरही भरलेला असू शकतो. तो हातोड्याने फोडू नये, आत तेल असते. मॅग्नेट्रॉनमधले चुंबक काढताना त्यातली गुलाबी किंवा पांढरी चिनीमातीसारखी कडी फोडू नये. काही मॅग्नेट्रॉनमध्ये ती बेरिलियम ऑक्साईडची असते आणि तिची धूळ फुफ्फुसाला फार घातक असते. नुसते पाहून ओळखता येत नाही, म्हणून कोणतीच फोडू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत मायक्रोवेव्हचाही समावेश आहे. असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच पाठवावा.

सुतारकाम आणि कलाकाम करणाऱ्यांना एक वेगळा इशारा. जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून त्याच्या विजेने लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळण्याची पद्धत परदेशातून आली आहे. व्हिडिओत ती फार सुंदर दिसते. अमेरिकेत या प्रकारात तीसहून अधिक माणसे मेली आणि तेथील लाकूड-कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली. मेलेल्यांत अनुभवी कारागीरही होते. आपल्या मुलांना या खेळापासून दूर ठेवा.

शॉक लागलाच तर

माणसाला हात लावू नये. प्रथम मेन स्विच पाडावा किंवा पिन ओढावी. तो सुटा झाल्यावर हाक मारावी. श्वास चालत नसेल तर कोणालातरी १०८ क्रमांकावर फोन करायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. सावर्ड्याच्या माणसाला डेरवणचे वालावलकर रुग्णालय जवळ आहे. शॉक लागलेला माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याला डॉक्टरकडे नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. हृदयाची गडबड नंतरही सुरू होऊ शकते.

नाही म्हणण्याची हिंमत

आमच्या कारागिराला आम्ही शेवटी विचारले की तू हे काम कुठे शिकलास. तो म्हणाला, सुरुवातीची दोन वर्षे त्याने मायक्रोवेव्ह हातातच घेतला नाही. आलेले गिऱ्हाईक तो परत पाठवी. मग मुंबईत एका उस्तादाकडे राहून शिकून आला. परत पाठवलेली तीच गिऱ्हाइके आज त्याच्याकडे येतात. ती म्हणतात, जो माणूस येत नाही ते येत नाही म्हणतो, तो येते म्हणतो तेव्हा त्याला खरेच येत असते.

गिऱ्हाइकाची वस्तू ही कारागिराकडे अमानत असते, आणि स्वतःचा जीव ही अल्लाहने आपल्याकडे दिलेली अमानत आहे. जे काम येत नाही त्याला नाही म्हटल्याने रोजी कमी होत नाही. सावर्डे व परिसरातील जमातींनी एखाद्या जुम्याच्या नमाजनंतर जाणत्या वायरमनला बोलावून तासभर हे सर्व तरुणांना दाखवले तर फार बरे होईल. त्याला खर्च काही नाही. आमच्या पुतण्यासारख्या हुशार मुलांची तेथे सर्वांत जास्त गरज आहे. इन्शाअल्लाह, त्यांच्यातूनच उद्याचे चांगले कारागीर तयार होतील.